बाबांचं 'ना'

४ मार्च

प्रिय भाऊजी,

हे पत्र तुमच्या दादांच्या नकळत लिहितेय. "तो भर समुद्रात, इथलं कळवून त्याच्या जिवाला घोर कशाला," असं ह्यांचं म्हणणं. पण तुम्ही दर बंदरातून 'सगळे कसे आहेत' विचारणार आणि मी 'मजेत' लिहिणार, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. जन्म गणित शिकवण्यात गेला. चुकीचं उत्तर लिहिताना हात अडतो.

बाबांना अर्धांगाचा झटका आला. आज तेवीस दिवस झाले. दुकानातच आला. एका वाचनालयाची पुस्तकं बांधायला घेतली होती. पुस्तकाच्या पाठीला खळ लावता लावता ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकले ते वर आलेच नाहीत. शेजारच्या चष्मेवाल्यानं धावपळ करून दवाखान्यात नेलं. आता घरी आणलंय. जिवाला धोका नाही. उजवा पाय थोडा हलतो, उजवा हात अजिबात नाही.

आणि बोलणं गेलं. अगदी अख्खं नाही, एक अक्षर राहिलंय. 'ना'.

सकाळी विचारलं, "बाबा, चहा देऊ?" म्हणाले, "ना." बरं, नको तर नको म्हणून कप घेऊन वळले, तर मागून "ना! ना! ना!" कप परत नेला, तर घोटभरही न ठेवता संपवला. उशी हवी, ना. उशी नको, ना. दुखतंय, ना. डॉक्टर म्हणतात, आपलं बोलणं त्यांना कळतं, मनात सांगायचंही सगळं असतं, पण तोंडातून तेवढंच निघतं. आपल्याला समजलं नाही की चिडतात. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मी काहीतरी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाते.

एक गोष्ट लिहावी की नाही, ह्यावर दोन दिवस घालवले. लिहितेच. तुमचं नाव काढलं की ते "ना, ना" म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

तब्येत सांभाळा. पत्राचं उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको.

तुमची वहिनी

*

२९ मार्च

वहिनी,

पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. दादावर रागावलो, मग तुमच्यावर रागावलो, मग स्वतःवर, आणि शेवटी डेकवर जाऊन उभा राहिलो.

भिंतीकडे तोंड करतात हे लिहिलंत ते बरं केलंत. बाबांचा तो 'ना' माझ्या ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी घर सोडलं तेव्हा त्यांच्याकडून शेवटचं तेच ऐकलं होतं. त्यामुळे मी येऊन त्यांचा त्रास वाढवण्यात काही अर्थ नाही. पैसे किंवा औषध, इथून जे पाठवता येईल ते सांगा.

आता तुम्हाला थोडं हसवतो, कारण पत्राच्या शेवटी तुमचं अक्षर वाकडं झालंय.

काल जेवणाच्या टेबलावर माझा चेहरा बघून मुख्य इंजिनिअरनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, वडिलांकडे एकच शब्द उरलाय, 'ना'. हा ग्रीक माणूस. त्यानं पंजा पसरून समोरच्या भांड्याकडे दाखवलं आणि ओरडला, "ना!" त्यांच्याकडे म्हणे त्याचा अर्थ 'हे बघ, हे इथे'. वर त्यानं हेही सांगितलं, की ते 'हो' म्हणायला 'ने' म्हणतात. म्हणजे चार महिने मी त्याला "चहा घेणार?" विचारत होतो, तो 'ने' म्हणत होता, मला ते 'नको' वाटायचं आणि मी एकटाच पीत होतो!

खलाशांचा मुकादम रशियन आहे. तो म्हणाला, छे, 'ना' म्हणजे 'घे, धर'. आणि पावाचा तुकडा माझ्या हातात कोंबला. कोरियन सेकंड ऑफिसर कधी बोलत नाही, तोही बोलला. त्याच्या भाषेत 'ना' म्हणजे 'मी'. मग आचारी आतून आला. तो स्वाहिली बोलतो. "माझ्याकडे 'ना' एकट्याला काही अर्थच नाही," म्हणाला. "दोन माणसांच्या मध्ये येतो. तू 'ना' मी. तू आणि मी." ह्यावर मुकादमानं विचारलं की मग एकटा माणूस काय करणार, आणि अर्धा तास नुसता गोंधळ. एक थाई खलाशी आहे, अगदी हळू बोलणारा. सगळे उठल्यावर तो म्हणाला, आम्ही वाक्याच्या शेवटी लावतो, समोरच्याला आपलं बोलणं टोचू नये म्हणून.

वहिनी, आपणही तेच करतो. ये ना. बस ना. हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबांना नमस्कार सांगू नका. उगाच भिंत नको.

तुमचा भाऊजी

*

२७ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं ऐकलं नाही. नमस्कार सांगितला नाही, पण पत्र वाचून दाखवलं. सुरुवातीचा भाग गाळून थेट ग्रीक इंजिनिअरपासून. 'मी एकटाच पीत होतो' इथे बाबा हसले. तोंडाची एकच बाजू हसते, पण आवाज जुनाच, तो दुकानात गिऱ्हाइकानं पुस्तक उलटं धरलं की यायचा तो. ह्यांनी आतून येऊन विचारलं, काय झालं? तेव्हा पत्र दाखवावंच लागलं. आता चोरून लिहायची गरज उरली नाही. हे रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "मला नाही लिहीत तो."

तेव्हापासून आमच्याकडे खेळच सुरू झालाय. बाबांनी 'ना' म्हटलं की मी विचारते, "हा कुठला? रशियन की कोरियन?" रशियन असला तर ते हातातली वस्तू पुढे करतात. परवा चष्मा असा पुढे केला आणि मी तो पुसून दिला. इतके दिवस मी त्या चष्म्याला 'नको' समजून डबीत ठेवत होते. बिचारे तीन आठवडे धुक्यातून बघत असतील.

वाचा शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणाल्या, शब्द सोडून द्या, चाल ऐका. मग मी आलेखाची वही काढली. वर चढणारा 'ना', खाली पडणारा 'ना', सपाट, लांबवलेला, तुटक. रोज आखते. बाईंनी वही पाहिली आणि त्यांना हसू आवरेना, पण दुसऱ्या पेशंटच्या घरी दाखवायला दोन पानं मागून नेली.

पण एका 'ना'वरून आमचं बिनसलंय. दुकान बंद पडून अडीच महिने झाले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला जागा हवी आहे, जूनअखेर करार करू म्हणतोय. ह्यांनी बाबांना विचारलं, "जागा देऊन टाकू का?"

बाबा म्हणाले, "ना."

"ऐकलंस? 'देऊन टाक ना' म्हणाले."

मी म्हटलं, "ते 'नाही' म्हणाले."

"तुला नेहमी नाहीच ऐकू येतं."

"आणि तुम्हाला, तुम्हाला हवं तेच."

गेला आठवडाभर आम्ही एकमेकांशी 'जेवायला वाढलंय' आणि 'बरं' एवढंच बोलतोय. घरात एकाच माणसाचं बोलणं गेलंय असं कोणी म्हणणार नाही.

आलेखात तो 'ना' मधेच चढतो आणि शेवटी पडतो. तसा दुसरा एकही नाही. मला खरंच कळलेला नाही.

आणि भाऊजी, घर सोडलंत त्या दिवशी नेमकं झालं काय? मी तेव्हा माहेरी होते. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "मला कोण सांगतंय."

तुमची वहिनी

*

२४ मे

वहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आदल्या दिवशी मी बाबांना नको ते बोललो होतो. म्हणालो होतो, मला ह्या खळीच्या वासाची लाज वाटते, कॉलेजात मुलं नाक मुरडतात, लोकांची पुस्तकं चिकटवत मी आयुष्य काढणार नाही. लहानपणापासून त्यांनी मला शेजारी बसवून सगळं शिकवलं, आणि मी त्यांना हे ऐकवलं.  ते टेबल पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दुकानाच्या दारात गेलो. ते कागद कापायच्या यंत्रावर होते. यंत्राची धडधड चालू. मी विचारलं, "बाबा, पत्र लिहीत जाऊ का?" त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ना." मी वळलो आणि निघालो. म्हणून पत्रं तुम्हाला येतात, त्यांना नाही.

तुमचा आलेख वाचल्यापासून मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यांच्या दातांत त्या वेळी दोरा होता. आणि यंत्र चालू होतं. मला फक्त शेवटचं 'ना' ऐकू आलं. त्याच्या आधी काही होतं की नाही, मला ठाऊक नाही. 'लिही ना' असेल. 'लिहू नकोस ना' असेल. नुसताच 'ना'ही असेल.

वहिनी, मी जहाजावर रेडिओ ऑफिसर आहे. ऐकणं हेच माझं काम. संदेश तुटक आला तर आम्ही पुन्हा मागवतो, आपण काय ऐकलं ते म्हणून दाखवतो, आणि समोरच्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. कोणा अनोळखी जहाजासाठी मी हे दिवसातून वीस वेळा करतो. त्या दिवशी दारात उभं राहून "काय म्हणालात?" एवढं विचारलं नाही.

दुकानाचं मी काय सांगू? मला बोलायचा हक्क नाही. एवढंच सुचवतो, की घरात पलंगावर विचारू नका. त्यांना दुकानात घेऊन जा आणि तिथे विचारा. त्यांचा डावा हात चालतो ना?

भाऊजी

*

१५ जून

चि. धाकट्या,

तुझं पत्र वहिनीनं मला वाचायला दिलं. तू तिला मनाई केली नव्हतीस, म्हणून वाचलं.

तुम्हा दोघांना मी दुकान विकून मोकळा होणारा वाटतो. वाटू दे. रोज ऑफिसला जायच्या आधी बाबांना आंघोळ मी घालतो. दाढी मी करतो. हे वहिनीनं तुला लिहिलं नसणार, कारण मीच तिला सांगितलंय की ह्याचा गाजावाजा नको. पाणीपुरवठा खात्यात एकवीस वर्षं काढली, लोकांच्या तक्रारी ऐकायची सवय आहे, पण बंद दुकानावरून रोज दोनदा जावं लागतं ते मला सहन होत नाही. आत गेलो तरी काय करणार? तुला त्यांनी हाताशी धरून शिकवलं. मला कधी सुईसुद्धा धरू दिली नाही. "तू अभ्यास कर," म्हणायचे. माझे हात जड आहेत हे त्यांना पहिल्यापासून दिसलं असणार.

अजून एक. तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात, हे वहिनीनं लिहिलं. त्यानंतर काय होतं ते तिला माहीत नाही, कारण ती स्वयंपाकघरात जाते. भिंतीकडे तोंड करून ते रडतात. आपण बघू नये म्हणून वळतात. इतकंच आहे ते.

दुकानात घेऊन जायचं सुचवलंस, ते पटलं. तीस तारखेला करार आहे, त्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून नेईन.

मलाही लिहीत जा.

दादा

*

३ जुलै

प्रिय भाऊजी,

सगळं क्रमानं सांगते, नाहीतर घाईत काहीतरी गाळेन.

तीस तारखेला सकाळी दहा वाजता आम्ही तिघं दुकानात गेलो. कुलूप ह्यांनी काढलं. आत खळ वाळून भांड्याला चिकटली होती आणि बाबांच्या हातून पडलेला ब्रश अजून जमिनीवरच होता, कडक होऊन. औषधवाला कागद घेऊन दारात उभा. ह्यांनी खुर्ची टेबलाशी नेली, स्वतः गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, "बाबा, आता नीट सांगा. जागा द्यायची की ठेवायची?"

 बाबा टेबलाकडे बघत होते. वाचनालयाच्या पुस्तकाचे सुटे फर्मे, छापलेल्या पानांच्या त्या घड्या, एकावर एक तशाच पडल्या होत्या. त्यांनी डाव्या हातानं तो गठ्ठा ओढला, उचलला आणि ह्यांच्या छातीशी धरला.

"ना."

हे म्हणाले, "काय करू ह्याचं? टाकून देऊ?"

"ना!" गठ्ठा अजून पुढे.

मला कळलं, भाऊजी, पण मी तोंड उघडलं नाही. माझ्या सांगण्याचा तो विषय नव्हता. ह्यांनी गठ्ठा हातात घेतला. मग एकदम त्यांचा आवाज चढला. लग्नाच्या अकरा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "मला येत नाही, बाबा! मला कधी शिकवलंत? धाकट्याला शिकवलंत. मी दारात उभा राहून बघायचो आणि तुम्ही मला अभ्यासाला हाकलायचात!"

बाबा म्हणाले, "ना." इतकं हळू की मी त्याचा आलेख काढला नाही, आणि काढणारही नाही. डावा हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बेचाळीस वर्षांचा माझा नवरा, गुडघ्यांवर, हातात फर्मे, आणि रडतोय.

औषधवाला शहाणा माणूस. म्हणाला, "तुमचं चालू द्या, मी समोर चहा पिऊन येतो."

मग हे टेबलाशी बसले. सुईत दोरा मी ओवून दिला. बाबा शेजारी. पहिला फर्मा उलटा घेतला, "ना!" दोरा फार ओढला आणि कागद फाटला, "ना, ना, ना!" भोक चुकलं, "ना." एकदा बरोबर पडलं, तेव्हा "नाऽऽ". दोन तासांत सहा फर्मे शिवून झाले. शिवण अशी की ओळखीच्या माणसाला दाखवू नये. बाबांनी ती बोटानं चाचपली, एक टाका उसवायला लावला, बाकीचे ठेवले.

करार झाला, पण वेगळा. पुढची खोली औषधवाल्याला. मागची, कापायचं यंत्र आणि पुस्तकं दाबायचा दाब असलेली, आपली. आता रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की हे बाबांना घेऊन मागच्या खोलीत जातात. ह्यांच्या हाताला खळीचा वास येतो. परवा ऑफिसात कोणीतरी विचारलं तर सांगितलं म्हणे, "वडिलांचा धंदा आहे आमचा."

आलेखात न कळलेल्या त्या 'ना'चा अर्थ मला अजूनही लागलेला नाही. कदाचित बाबांना तेव्हा दोन्ही म्हणायचं असेल.

तुम्ही या. दादांनी लिहिलेलं मीही वाचलंय, आणि मला मेलीला स्वयंपाकघरात पळायची सवय नसती, तर हे चार महिन्यांपूर्वीच कळलं असतं. चुकलं माझं.

तुमची वहिनी

*

२५ जुलै

वहिनी आणि दादा,

सुट्टी मंजूर झाली. एकोणीस ऑगस्टला पोचतो, वीस दिवस आहे. बाबांना आधी सांगून ठेवा, एकदम दारात उभा राहिलो तर त्यांना झेपायचं नाही. मलाही.

मुकादमानं त्यांच्यासाठी एक लाकडी चमचा कोरून दिलाय, डाव्या हाताला बरा पडेल असा. देताना काय म्हणाला ते सांगायला नकोच.

भाऊजी

*

२ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. काल पोस्टमननं दोन पाकिटं दिली, एकावर माझं नाव आणि एकावर बाबांचं. त्यांचं मी उघडलं नाही. हातात दिलं. त्यांनी दातांनी आणि डाव्या हातानं फोडलं, आणि मला बाहेर जायला खुणावलं. तासाभरानं आत गेले तर पत्र उशीखाली होतं. जे काय लिहिलंत ते तुमच्या दोघांत.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघंच दुकानाच्या मागच्या खोलीत होतात. तिथून आलात ते डोळे सुजवून. घर सोडतानाच्या त्या 'ना'बद्दल तुम्ही विचारलंत की नाही, आणि काय कळलं, हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. रात्री जेवताना तुम्ही तिघं बापलेक ज्या तऱ्हेनं एकमेकांच्या ताटात वाढत होतात, ते पाहून माझं काम झालं.

दादांनी परवा एक अख्खं पुस्तक एकट्यानं बांधलं. पाठ जरा तिरकी आहे. वाचनालयवाल्या बाईंनी पुस्तक हातात घेऊन तिरकं बघितलं आणि मग मान तिरकी करून ठेवून दिलं. चालायचं.

आता खरी बातमी. काल दुपारी बाबा दुसरा शब्द बोलले.

शाळेतून आले, पर्स टाकली, त्यांना औषध दिलं, खिडकी उघडली, सकाळचे कपडे घड्या घालून ठेवले, जेवण गरम केलं, ताट त्यांच्यापुढे आणलं. दोन घास भरवले. तिसरा उचलला तर म्हणाले, "बस."

माझा घास हातातच राहिला. सात महिने एकच अक्षर ऐकलेला कान, मला आधी वाटलं रस्त्यावरून कोणी बोललं. "काय म्हणालात बाबा?"

"बस."

मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते, पण सवय बघा. पोट भरलं, पुरे म्हणताहेत, असं समजून ताट उचललं आणि निघाले. मागून जोरात आवाज आला. "बस!"

वळून पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं पलंगावर आपल्या शेजारची जागा थोपटली. मग माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मग पुन्हा जागा थोपटली.

भाऊजी, सात महिन्यांत मी त्या खोलीत दिवसातून पन्नासदा गेले असेन. एकदाही बसले नव्हते, आणि हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या आलं होतं.

ताट खाली ठेवलं आणि बसले. बाबांनी लाकडी चमचा घेतला, एक घास त्यांनी खाल्ला, एक मला दिला. ताट संपेपर्यंत मी उठले नाही.

तुमची वहिनी